पदवी हाती आली, आता पलटणीत जावे काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरच्या विदुषीचे व्याख्यान ठेवावे अशी आपल्या मंडळाची प्रथा. यंदा ती मोडून चिटणीसबाईंनी घरच्याच बाईला उभे केले आहे. त्या मला म्हणाल्या, "तुमचे सव्वीस वर्षांचे बिऱ्हाड छावण्यांतून फिरले. आमच्याकडे मुले बी.कॉम., बी.एस्सी. होतात आणि एके दिवशी जेवता जेवता सांगतात की मी सैन्यात जाणार. तेव्हा आईने हो म्हणावे की नको म्हणावे, एवढे आम्हांला सांगा." प्रश्न एका ओळीचा आहे. उत्तर काही एका ओळीत मावणारे नाही. पण मुलाला हो-नको म्हणण्याआधी घरात कोणती चौकशी व्हायला हवी, एवढे तरी मला आज सांगता येईल.

यंदा हा प्रश्न माझ्या दाराशी दोनदा आला. एक माझी भाची. ती बी.एस्सी. झाली आणि अधिकारी व्हायचे म्हणून हट्ट धरून बसली. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, रडकुंडीला येऊन म्हणाली, "ताई, हिच्या लग्नाचं वय तिकडं निघून जाईल, मग काय करू?" दुसरा आपल्याच पेठेतला एक मुलगा. बी.कॉम. झालेला, अंगापिंडाने धट्टाकट्टा. त्याच्या घरी कर्जाचे हप्ते चालू आहेत. तो म्हणाला, "काकू, अग्निवीर झालो तर पहिल्या महिन्यापासून पैसा घरात येईल. अधिकाऱ्याच्या परीक्षांची वाट कोण बघणार?" दोघांच्या हाती पदवी आहे, दोघांच्या मनात एकच पोशाख आहे. पण दोघांचे प्रश्न अगदी वेगळे आहेत. म्हणून मी सरसकट उपदेश करणार नाही.

आपल्या सातारा जिल्ह्याला सैन्य नवे नाही. अपशिंगे गावाला तर लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. देशातली पहिली सैनिक शाळा 23 जून 1961 रोजी ह्याच साताऱ्यात सुरू झाली. पण पूर्वी पलटणीत जाई तो बहुधा शेतकऱ्याचा मुलगा. शाळा अर्धवट सुटलेला. जो शिकला तो कचेरीत, नाहीतर शाळामास्तर. हिंदी मुलांना अधिकारी करणारी ॲकॅडमीच मुळी 1932 साली डेहराडूनला निघाली, आणि पहिल्या तुकडीत अवघे चाळीस कॅडेट होते. पुढे 1962 मध्ये चीनशी युद्ध झाले आणि अधिकारी अपुरे पडतात हे सरकारला कळून चुकले. कॉलेजांतल्या तरुणांना आणीबाणीचे कमिशन देऊन घेतले गेले. त्यांना शिकवायला 1963 साली मद्रासला ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल निघाले. आज आपली मुले-मुली चेन्नईच्या ज्या ऑफिसर्स ट्रेनिंग ॲकॅडमीची स्वप्ने पाहतात, ती हीच. 1988 साली तिचे नाव बदलले.

आता मुख्य गोष्ट. सैन्याला दोन दारे आहेत. एक जवानाचे आणि एक अधिकाऱ्याचे. पुष्कळ आयांचा असा समज असतो की मुलगा पदवीधर आहे, तेव्हा तो भरतीला उभा राहिला तरी त्याला आपोआप वरची जागा मिळेल. तसे होत नाही. भरतीच्या मैदानात बारावी झालेला आणि बी.कॉम. झालेला एकाच रांगेत धावतात आणि एकाच हुद्द्यावर लागतात. पदवी ही अधिकाऱ्याच्या दाराची किल्ली आहे, पण ती किल्ली घेऊन त्याच दाराशी जावे लागते. दुसऱ्या दाराने आत गेल्यावर ती खिशातच राहते.

ह्याचा अर्थ जवानाचे दार हलके असा कोणी घेऊ नये. कारवारकडचे रामा राघोबा राणे 1940 मध्ये साधे सॅपर म्हणून भरती झाले, डिसेंबर 1947 मध्ये त्यांना कमिशन मिळाले, आणि चारच महिन्यांनी, एप्रिल 1948 मध्ये, राजौरीच्या वाटेवरचे सुरुंग काढीत त्यांनी रणगाड्यांना रस्ता करून दिला. त्यांना परमवीरचक्र मिळाले आणि ते स्वतःच्या छातीवर लावायला ते जिवंत होते. आजही शिपाई म्हणून गेलेला हुशार मुलगा आर्मी कॅडेट कॉलेजमार्गे अधिकारी होऊ शकतो. पदवीधरांसाठी जवानांच्या बाजूलाही काही खास जागा असतात. शिक्षण विभागात हवालदार घेतात. पलटणीच्या मंदिरात, गुरुद्वारात, मशिदीत धर्मगुरू लागतो, तोही पदवीधरच असावा लागतो आणि तो एकदम नायब सुभेदार म्हणून लागतो. हे फारसे कोणाला ठाऊक नसते म्हणून मुद्दाम सांगितले.

आता त्या बी.कॉम. मुलाचा हिशेब. तो आणि त्याची आई माझ्याकडे आले तेव्हा मी त्यांना कागद-पेन्सिल घेऊन बसवले. आपण बायका पापडाच्या पिठाचासुद्धा हिशेब मांडतो, मग पोराच्या चार वर्षांचा का मांडू नये? अग्निपथ योजना 14 जून 2022 रोजी जाहीर झाली, तेव्हाचे आकडे असे: पहिल्या वर्षी महिन्याला 30,000 रुपये, दुसऱ्या वर्षी 33,000, तिसऱ्या वर्षी 36,500 आणि चौथ्या वर्षी 40,000. ह्यातले शेकडा 30 निधीसाठी कापले जातात, म्हणजे पहिल्या वर्षी हातात 21,000 येतात. कापलेल्या पैशांत सरकार तेवढीच भर घालते. चार वर्षांत मुलाचे 5 लाख 2 हजार, सरकारचे तेवढेच, असे सुमारे 10 लाख 4 हजार आणि वर व्याज, ही रक्कम बाहेर पडताना एकदम मिळते. तिच्यावर आयकर नाही. 48 लाखांचा विमा आहे, त्याचा हप्ता मुलाला भरावा लागत नाही. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. चार वर्षांनंतर शंभरांतले पंचवीसपर्यंत कायम होतात. बाकीचे घरी येतात.

आई म्हणाली, "दहा लाख काय थोडे झाले?" थोडे नव्हेतच. ज्याने बारावीनंतर पुढे शिकायचेच नाही असे ठरवले आहे, त्याला एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी दहा लाख आणि सैन्याची शिस्त घेऊन परत येणे पुष्कळ झाले. पण हा मुलगा पदवी घेऊन, एकविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर जाणार. योजना निघाली तेव्हाची वयोमर्यादाच साडेसतरा ते एकवीस होती. पहिल्या वर्षापुरती तेवढी तेवीस केली होती. चार वर्षांनी तो पंचविशीचा होऊन परत येईल. तेव्हा केंद्रीय पोलीस दलांत माजी अग्निवीरांसाठी राखीव जागा आहेत हे खरे, पण अधिकाऱ्याच्या बऱ्याचशा परीक्षांची वयाची मर्यादा तोवर सरत आलेली असेल. आज उघडे असलेले मोठे दार तो स्वतःच्या हाताने लोटून घेणार आहे, हे त्याने जाणूनबुजून करावे. हप्त्याच्या घाईने करू नये. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, असे होऊ नये.

मग अधिकाऱ्याचे दार कसले आहे? पदवीधरांसाठी त्याला तीन-चार वाटा आहेत. सगळ्यांत रहदारीची वाट म्हणजे लोकसेवा आयोगाची सी.डी.एस. परीक्षा. ती वर्षातून दोनदा होते. इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि शाळेतले गणित असे शंभर-शंभर गुणांचे तीन पेपर, प्रत्येकाला दोन तास. चेन्नईसाठी गणित लागत नाही, हे ऐकून आमच्या भाचीच्या मैत्रिणींना मोठा आनंद झाला. डेहराडूनला कोणतीही पदवी चालते. नौदलाला इंजिनिअर लागतो. वायुदलाला बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित हवे, नाहीतर इंजिनिअरिंगची पदवी हवी. दुसरी वाट एन.सी.सी.ची. ज्याच्याजवळ 'सी' प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीचे आहे आणि पदवीला निम्मे गुण आहेत, त्याला लेखी परीक्षाच नाही. तो सरळ मुलाखतीला जातो. म्हणून सांगते, कॉलेजात जाणाऱ्या मुलीला 'कशाला हवी ती उन्हातली परेड?' असे म्हणू नका. कायद्याच्या पदवीधरांना सैन्याचा विधी विभाग आहे. नर्सिंग झालेल्या मुलींना मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस आहे, आणि तिथे त्या अधिकारी म्हणूनच लागतात. ज्यांना नोकरी किंवा धंदा सोडायचा नाही अशा पदवीधरांना टेरिटोरियल आर्मी आहे. त्यात बेचाळीस वर्षांपर्यंत जाता येते.

लेखी परीक्षा पास होणे हा अर्धा डोंगर. खरा कडा पुढे आहे, त्याचे नाव एस.एस.बी. प्रयागराज, भोपाळ, बेंगळुरू अशा ठिकाणी निवड मंडळे आहेत, तिथे मुलांना साधारण पाच दिवस राहावे लागते. पहिल्या दिवशी बुद्धीची एक चाचणी होते. मग एक धूसर चित्र अर्धा मिनिट दाखवतात. त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची, ती सांगायची आणि सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. एवढ्यावरच पुष्कळ मुले संध्याकाळच्या गाडीने परत येतात. राहतात त्यांना दुसऱ्या दिवशी बारा चित्रे, साठ शब्द, साठ प्रसंग. एकेका शब्दाला पंधरा सेकंद. त्यात मनात येईल ते वाक्य लिहायचे. तुमचे आईवडील तुमच्याबद्दल काय म्हणतात, शिक्षक काय म्हणतात, मित्र काय म्हणतात, हेही लिहावे लागते. मग मैदानात गटाने फळ्या, दोर आणि पिंपे घेऊन ओढे ओलांडण्याचे खेळ. एकट्याने तीन मिनिटांत दहा अडथळे. दिलेल्या विषयावर तीन मिनिटे भाषण. लांबलचक मुलाखत. शेवटच्या दिवशी सगळे परीक्षक एकत्र बसतात आणि निकाल सांगतात.

भगिनींनो, ह्या परीक्षेसाठी हजारो रुपये घेणारे क्लास निघाले आहेत. त्यांनी सराव होतो, नाही असे नाही. पण पंधरा सेकंदांत जे लिहिले जाते ते वीस वर्षांत जे साचले असेल तेच. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? ज्या घरात मुलाला लहानपणी भाजी आणायला, बँकेत जायला, आजीला दवाखान्यात न्यायला पाठवले आहे, त्याला फळी आणि दोराचे काही वाटत नाही. ज्याचा डबासुद्धा आई हातात देत आली, तो तिथे दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत उभा राहतो. तेव्हा एस.एस.बी.ची तयारी आपल्या स्वयंपाकघरापासून सुरू होते, असे मी म्हटले तर हसू नका.

आता मुलींविषयी. सैन्यात डॉक्टर आणि नर्स म्हणून स्त्रिया पूर्वीपासून आहेत. इतर शाखांत अधिकारी म्हणून मुली घेणे 1992 मध्ये सुरू झाले, तेही थोड्या वर्षांच्या मुदतीने. पुरुषांना कायम कमिशन आणि बायकांना मुदतीचे, हा भेद पुष्कळ वर्षे चालला. त्याविरुद्ध स्त्री अधिकारी स्वतः न्यायालयात झगडल्या, आणि 17 फेब्रुवारी 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कायम कमिशनचा हक्क दिला. 2022 मध्ये खडकवासल्याच्या एन.डी.ए.त मुली आल्या आणि 30 मे 2025 रोजी त्यांतल्या सतरा जणी मुलांच्या बरोबरीने संचलन करून बाहेर पडल्या. एप्रिल 2023 मध्ये तोफखान्यात स्त्री अधिकारी गेल्या. पायदळाचे आणि रणगाड्यांचे दार मात्र त्यांना अजून उघडलेले नाही. पदवीधर मुलीला सी.डी.एस.ने चेन्नईला जाता येते. अर्जाच्या वेळी ती अविवाहित असावी लागते आणि प्रशिक्षण संपेपर्यंत लग्न करता येत नाही. चेन्नईचे प्रशिक्षण एकोणपन्नास आठवड्यांचे, म्हणजे अकरा महिन्यांचे.

माझ्या बहिणीला मी हेच दाखवले. "बावीस-तेवीसला गेली तर चोविसाव्या वर्षी लेफ्टनंट होऊन बाहेर पडेल. चोविसाव्या वर्षी कोणाचं लग्न राहून गेलंय?" ती गप्प झाली. पण तिचा खरा प्रश्न वयाचा नव्हताच. तिला भय होते की बदलीच्या नोकरीतली सून कोणाला चालेल? हा प्रश्न खोटा नाही. तो मी उडवून लावणार नाही. चेन्नईहून निघालेली मुलगी आसामात, तिचा नवरा पुण्यात, असे संसार आज आहेत, आणि ते सोपे नसतात. भाचीला मी एवढेच सांगितले की जो तुझा पोशाख बघून लग्नाला हो म्हणेल आणि बदलीचा हुकूम बघून नाही म्हणेल, त्याला आधीच ओळख. बहिणीला सांगितले की पंचवीस वर्षांची मुलगी स्वतः मिळवती आणि स्वतःच्या पायावर उभी असेल, तर तुला रात्री झोप जास्त लागेल की कमी, याचाही विचार कर.

ह्याच जिल्ह्यातल्या स्वाती महाडिक यांचे नाव आपणां सगळ्यांना माहीत आहे. त्यांचे पती कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर 2015 मध्ये कुपवाड्यात हुतात्मा झाले. दोन लहान मुले असलेली ही शिक्षिका. विधवांना वयाची सवलत मिळते, ती घेऊन त्या एस.एस.बी.ला बसल्या, चेन्नईचे प्रशिक्षण पुरे केले आणि सप्टेंबर 2017 मध्ये लेफ्टनंट झाल्या. मी हे उदाहरण डोळ्यांना पदर लावण्यासाठी देत नाही. पदवी आणि निर्धार असला तर पस्तिशीच्या पुढेही बाईला ते प्रशिक्षण झेपते, हे दाखवण्यासाठी देते.

आता थोडे माझ्या घरचे. सव्वीस वर्षांत आम्ही अकरा घरे बदलली. मुलांच्या सहा शाळा झाल्या. मी बी.एड. झालेली, प्रत्येक गावी नवी नोकरी शोधावी आणि ती हातात स्थिर होते न होते तोच बदलीचा हुकूम यावा. शेवटी मी नोकरी शोधायचेच सोडले आणि छावणीतल्या जवानांच्या मुलांच्या शिकवण्या घेऊ लागले. सासूबाईंच्या शेवटच्या आजारात यजमान पंधरा दिवसांची रजा घेऊन आले आणि तेराव्याला पुन्हा तार-फोन करून रजा वाढवावी लागली. 1999 च्या मे ते जुलै ह्या महिन्यांत कारगिलची लढाई चालली. छावणीत आम्ही बायका एकमेकींच्या घरी जाऊन बसत असू. फोन वाजला की ज्या घरी वाजला ते घर क्षणभर दगड होई. त्या लढाईत आपले 527 वीर कामी आले. आमच्या ओळीतल्या एका घरची गाडी सामान भरून गावी गेली, ते मी अजून विसरले नाही. तो बिछान्यांचा ढीग, लहान मुलाची तीन चाकी सायकल आणि दाराला लावलेले कुलूप.

हे सगळे सांगून मी कोणाला भिववते आहे असे समजू नका. ह्याच छावणीत मला दुसरेही मिळाले. केरळच्या बाईने मला अप्पम शिकवले आणि मी तिला पुरणपोळी. माझ्या मुलांना चार भाषा येतात. आजारी पडले तर मध्यरात्री शेजारीण गाडी घेऊन दारात उभी राही. तिचे आडनाव कोणते हे कोणी विचारत नसे. यजमानांना मी कधीही 'आज कचेरीत कंटाळा आला' असे म्हणताना ऐकले नाही. पैशांचे म्हणाल तर आता पूर्वीसारखी ओढाताण नाही. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे कॅडेटला प्रशिक्षणातच महिना 56,100 रुपये विद्यावेतन ठरले. लेफ्टनंटला तेवढेच मूळ वेतन, 15,500 सैन्यसेवेचे वेतन आणि वर भत्ते. दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर, तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. त्यापुढची चढण निवडीची, आणि ती निमुळती आहे.

पण पगाराच्या आकड्याखालची बारीक अक्षरेही वाचा. डेहराडूनचे कमिशन कायम. चेन्नईचे मुदतीचे: दहा वर्षे, हवी तर आणखी चार, आणि कायम होण्याची संधी निवडीने. जो चोविसाव्या वर्षी गेला तो चौतिसाव्या किंवा अडतिसाव्या वर्षी पुन्हा नोकरी शोधायला उभा राहील. पेन्शनला अधिकाऱ्याला वीस वर्षे लागतात. ती त्याची भरणार नाहीत. म्हणून ज्याला चेन्नईला जायचे आहे त्याने दहा वर्षांनंतर काय, ह्याचे उत्तर आजच तयार ठेवावे. आणखी एक. प्रशिक्षण खडतर असते. त्यात जायबंदी होऊन कमिशन मिळण्याआधीच घरी परतलेली मुले आहेत, आणि त्यांना माजी सैनिकांच्या सवलती मिळत नव्हत्या म्हणून 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपण होऊन तो विषय हाती घेतला. हे आईबापांना ठाऊक असावे.

तेव्हा मुलगा किंवा मुलगी 'मी जाणार' म्हणाली, की रागावू नका आणि लगेच पेढेही वाटू नका. तिच्याजवळ बसा आणि चार गोष्टी विचारा.

पहिली: तुला कुठल्या दाराने जायचे आहे, आणि त्या दाराची वयाची मर्यादा कधी संपते? तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

दुसरी: तुला पोशाख हवा आहे की काम? ज्याला फक्त पोशाख हवा आहे त्याला शांततेच्या ठाण्यावर तिसऱ्या महिन्यात हिशेबाची वही, जवानांच्या रजेचे अर्ज आणि भांडारातली मोजदाद करताना कंटाळा येतो. अधिकाऱ्याचे काम म्हणजे तीस-चाळीस माणसांची काळजी वाहणे. त्यांच्या घरची भांडणे, आजारपणे, कर्जे ऐकून घेणे. ज्याला माणसे आवडत नाहीत त्याने जाऊ नये.

तिसरी: निवड झाली नाही तर काय करणार? बहुतेकांची होत नाही, आणि चांगल्या मुलांचीही होत नाही. म्हणून प्रयत्नाला मुदत हवी. मुदत नसलेली तयारी म्हणजे बेकारीला दिलेले चांगले नाव.

चौथी गोष्ट आपण स्वतःलाच विचारायची: मी हिला नको म्हणते ते हिच्या भल्यासाठी की माझ्या भयासाठी? आणि हो म्हणते ते हिच्या मनासाठी की शेजारणीत मिरवण्यासाठी? दोन्ही उत्तरे खरी द्यायची. जीव जाण्याची शक्यता हा ह्या नोकरीचा भाग आहे. ती झाकून हो म्हणणे हेही बरे नव्हे. पण हो म्हटल्यावर मात्र दर पत्राला, दर फोनला रडू नये. तिथे त्या मुलाच्या हाताखाली तीस माणसे असतात.

आता त्या दोन घरांचे काय झाले ते सांगते. बी.कॉम. मुलाने अग्निवीरचा अर्ज केला नाही. त्याने एका पतसंस्थेत नोकरी धरली, त्यातून हप्ते भरतो, पहाटे अजिंक्यताऱ्यावर धावतो आणि सी.डी.एस.चा अभ्यास करतो. घरच्यांनी दोन वर्षांची, म्हणजे चार परीक्षांची मुदत घातली आहे. नाही जमले तर नोकरी करता करता टेरिटोरियल आर्मीचे दार त्याला आणखी वीस वर्षे उघडे आहे. भाची पहिल्या खेपेला पहिल्याच दिवशी परतली. स्टेशनवर उतरून तिने मला फोन केला, "मावशी, गोष्ट चांगली लिहिली होती, पण सांगताना आवाजच फुटला नाही." तिची आई म्हणाली, सुटलो. ती मात्र पुढच्या अर्जाला लागली आहे. परवा माझ्या बहिणीने मला विचारले, "ताई, हिला रोज तीन मिनिटं बोलायला लावायचं म्हणजे विषय कोणते द्यायचे गं?" मी समजले, घरातली अर्धी परीक्षा पास झाली.

शेवटी एक सूचना मंडळापुढे ठेवते. नाशिक रोडला राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे महाराष्ट्रातल्या मुलामुलींना सी.डी.एस. आणि एस.एस.बी.ची तयारी फुकट करून देतात, राहण्या-जेवण्यासकट. त्याची चौकशी आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात होते. एवढी चांगली सोय असून आपल्या पेठेतल्या किती घरांना ठाऊक आहे? मंडळाच्या फळ्यावर आपण हळदीकुंकवाची तारीख लिहितो, तिच्याखाली ह्या परीक्षांच्या अर्जाच्या तारखाही लिहाव्यात. आणि रविवारी दुपारी हा हॉल मोकळा असतो. पेठेतल्या मुलामुलींनी इथे जमावे, चिठ्ठी उचलावी, आणि येईल त्या विषयावर तीन मिनिटे बोलावे. ऐकायला आपण बसू. जे सैन्यात जातील त्यांना त्याचा उपयोग होईल, जे जाणार नाहीत त्यांना त्याहून जास्त होईल. पहिल्या रविवारच्या चहाचा खर्च माझ्याकडे लागू.



जय हिंद!